उसने पैलवान

(दृश्य : मिरज, पहाट. मैदानावर फुटबॉलचा सराव. लांबून रेल्वेचा भोंगा.)

सकाळचे साडेसहा. मिरजेतल्या एका मैदानावर वीस-बावीस पोरं पळताहेत. निम्म्यांच्या पायात स्टडचे बूट, निम्म्यांच्या पायात शाळेचेच. गोलपोस्टला जाळी नाही. त्यामुळं गोल झाला की बॉल आणायला गोलीनंच पळायचं. गोल खाल्ल्याची शिक्षा जागच्या जागी.

कडेला गळ्यात शिट्टी अडकवून उभे आहेत ते शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. नाव टाकू नका म्हणाले, म्हणून टाकलेलं नाही. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, "सर, देशाच्या फुटबॉल संघाचा कोच व्हायला आवडलं असतं का तुम्हाला?"

सर हसले. म्हणाले, "नको रे बाबा. पोरं दुसऱ्यांची आणि हार तेवढी आपली."

(दृश्य : वर्तमानपत्राचं कात्रण. खालिद जमील यांचा फोटो.)

१ ऑगस्ट २०२५. ज्या कामाला सर नको म्हणाले, ते काम त्या दिवशी खालिद जमील यांच्याकडं आलं. अर्ज आले होते १७०. शेवटी उरले तिघं. एक स्टीफन कॉन्स्टंटाइन, ज्यांनी याआधी दोनदा हा संघ सांभाळला होता. दुसरे स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच. आणि तिसरे खालिद. २०१२ साली सॅव्हियो मदेरा गेले, त्यानंतर या जागेवर नेमलेला हा पहिला भारतीय. मधल्या तेरा वर्षांत डच झाले, इंग्रज झाले, क्रोएशियन झाले, स्पॅनिश झाले.

आता इथं सांगलीकराच्या डोक्यात थोडा गोंधळ होतो. आमच्याकडं कोच म्हटलं की डोळ्यांपुढं वस्ताद येतो. दहा-बारा वर्षांचं पोर बाप तालमीत आणून सोडतो आणि गावाकडं निघून जातो. तिथून पुढं हौद्यातली माती उकरण्यापासून खुराकापर्यंत सगळं वस्तादांच्या नजरेखाली. पोरगं किती झोपतं, सुट्टीला गावी गेलं की कुणात ऊठबस करतं, हेसुद्धा वस्तादांना ठाऊक असतं. पट्ठ्या चितपट झाला तर वस्तादांची मान खाली जाते खरी, पण तो पट्ठ्या त्यांनी स्वतः घडवलेला असतो.

राष्ट्रीय कोचचं तसं नाही. खेळाडू वर्षभर क्लबचे. पगार क्लबचा, सराव क्लबचा, गुडघा दुखला तर डॉक्टरही क्लबचा. फिफानं ठरवून दिलेल्या तारखांना क्लबनं त्यांना आठ-दहा दिवस सोडायचं. त्यात विमानप्रवास आला, दोन सामने आले. उरलेल्या चार-पाच सरावांत बचाव कसा बांधायचा, कॉर्नरला कोण कुठं उभा राहणार, हे सगळं बसवायचं. जत्रेच्या आदल्या रात्री शेजारच्या तालमीतनं पैलवान उसने आणावेत आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नावावर लढवावेत, तसला हा कारभार.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. जकार्ता, १९६२.)

हे कुणाला जमलंच नाही असं मात्र नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. १९५० पासून भारतीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१ च्या एशियाडमध्ये सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, आणि १९६२ मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्ण.

जकार्ताची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. जरनैलसिंग हा संघाचा भक्कम बचावपटू. साखळी सामन्यात त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. दुसऱ्या कुणी त्याला बाकावर बसवलं असतं. रहीम यांनी त्याला बचावातनं काढलं आणि थेट आघाडीला उभं केलं. उपांत्य सामन्यात त्यानं गोल मारला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही मारला. भारत २-१ नं जिंकला. आखाड्याच्या भाषेत सांगायचं तर वस्तादानं राखून ठेवलेला डाव.

रहीम यांना तेव्हा कर्करोग झाला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. एशियाडचं फुटबॉलमधलं सुवर्ण त्यानंतर भारतात आलेलं नाही.

आणि आपल्या जिल्ह्याशी याचा संबंध काय? तर त्याच जकार्तात, त्याच एशियाडमध्ये, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोन पैलवानांनी कुस्तीत सुवर्ण मिळवलं होतं. आंदळकर पुढं कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले, ते हयातभर. किती पैलवान त्यांच्या हाताखालून गेले याची मोजदाद कुणी करावी! त्यांना कुणाकडून पैलवान उसने आणावे लागले नाहीत. रहीम यांची तालीम मात्र त्यांच्यासोबतच संपली.

(दृश्य : मुंबईचं कूपरेज मैदान. नंतर ऐझॉलचे डोंगर.)

खालिद यांच्याकडं परत येऊ. जन्म कुवेतचा, १९७७ चा. खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून. दुखापतींनी लवकर थांबवलं. बत्तिसाव्या वर्षी ते मुंबई एफसीचे कोच झाले. पैसा कमी, नाव त्याहून कमी असा तो संघ. सात वर्षं त्यांनी तो आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या वरच्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरू दिला नाही. हे काम वर्तमानपत्रात येत नसतं. तळाला न जाण्याची बातमी कोण छापतो?

२०१६ नंतर ते ऐझॉलला गेले. मिझोरमचा हा संघ आधीच्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि नशिबानं परत घेतला गेला होता. त्या संघानं २०१७ मध्ये आय-लीग जिंकली. मोहन बागानच्या एका गुणानं पुढं. आणि ज्या मुंबई एफसीला खालिद यांनी सात वर्षं तारलं, ती त्याच हंगामात तळाला जाऊन बाहेर पडली. खालिद कोच म्हणून काय चीज आहे ते कळायला मला एवढा एक हंगाम पुरतो.

पुढं ईस्ट बंगाल आणि मोहन बागान हे कोलकात्याचे दोन्ही मोठे क्लब झाले. तिथं फार काळ टिकले नाहीत. मग नॉर्थईस्ट युनायटेड. तिथं ते मुळात सहायक कोच. २०२१ च्या सुरुवातीला हंगामाच्या मध्यातच मुख्य कोच गेले, संघ यांच्या हातात आला आणि प्ले-ऑफला पोचला. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, संघाला तिथवर नेणारा हा पहिला भारतीय कोच. मग जमशेदपूर. २०२५ मध्ये लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची फायनल. फायनलमध्ये त्यांना एफसी गोवानं ३-० असं धुतलं. गोव्याचे कोच होते मानोलो मार्केझ, जे त्याच वेळी भारताचेही कोच होते! एक माणूस, दोन नोकऱ्या. भारताकडून आठ सामन्यांत एक विजय मिळवून मानोलो जुलैत बाजूला झाले आणि त्यांची खुर्ची मिळाली, फायनल हरलेल्या खालिद यांना.

(दृश्य : मैदानावर एक मुलगा लांब थ्रो-इन टाकण्याचा प्रयत्न करतो.)

माणूस कसा आहे? मितभाषी. पत्रकार परिषदेत लांबलचक प्रश्न विचारावा आणि पाच शब्दांत उत्तर यावं. मानोलोंच्याही आधी भारताचे कोच असलेले क्रोएशियाचे इगोर स्टिमाच बरोबर उलटे. २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन टाकत असताना या गृहस्थांनी कडेवरून हात घालून बॉल उडवला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेले. आमच्या मिरजेच्या पोरांना ते फार आवडायचे, हेही सांगितलं पाहिजे. कोच आपल्यासाठी भांडतोय, हे पोरांना दिसतं. गप्प उभ्या कोचच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही.

खालिद यांचा खेळ साधा असतो. आधी गोल खायचा नाही. मधल्या मैदानात नक्षीकाम करत बसायचं नाही. लांब बॉल, हवेतला बॉल, कॉर्नर, लांब थ्रो-इन, आणि सुटलेल्या बॉलवर आधी आपण पोचायचं. बघायला हे सुंदर नसतं. पण चार सरावांत काय बसवता येतं, याचा हिशेब मांडला तर हेच येतं. लहान लहान पासांचा खेळ वर्षभर एकत्र राहणाऱ्या संघाला परवडतो, उसन्या पैलवानांना नाही.

पहिल्याच स्पर्धेत त्याचं फळ दिसलं. २९ ऑगस्ट २०२५, काफा नेशन्स कप ही मध्य आशियाई महासंघाची स्पर्धा, ताजिकिस्तानविरुद्ध त्यांच्याच देशात. पाचव्या मिनिटाला मुहम्मद उवैसचा लांब थ्रो, त्यावर अन्वर अलीचं डोकं, गोल. तेराव्या मिनिटाला संदेश झिंगन. २-१ असा विजय. आणि हे कुणाविना? मोहन बागाननं खेळाडू सोडले नव्हते. स्पर्धा फिफाच्या तारखांत नाही, असं कारण. सुनील छेत्रीही संघात नव्हता. इराणकडून ०-३ हार झाली, अफगाणिस्तानशी बरोबरी. तिसऱ्या क्रमांकासाठी गाठ ओमानशी, जे क्रमवारीत आपल्यापेक्षा पन्नासेक जागा वर. उदांतानं बरोबरी साधली, सामना पेनल्टीवर गेला, आणि मानोलोंनी बाजूला ठेवलेला गुरप्रीत, ज्याला खालिद यांनी परत आणलं होतं, त्यानं शेवटची पेनल्टी अडवली.

त्या रात्री सरांचा फोन आला होता. "बघितलास का? म्हातारा गोली चालला की रे!" गुरप्रीत तेहतीस वर्षांचा. सर अडुसष्टचे.

(दृश्य : मिरज जंक्शन, रात्र. फलाटावर सर आणि सहा मुलं.)

आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतल्या १४ ऑक्टोबरच्या सिंगापूर सामन्याला सर सहा पोरांना घेऊन मडगावला गेले. मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव. मिरजेला जंक्शन असल्याचा एवढा तरी फायदा. आम्हीही कॅमेरा घेऊन सोबत होतो.

आधी सिंगापूरला जाऊन १-१ अशी बरोबरी झाली होती. झिंगनला लाल कार्ड मिळाल्यानं दहा जणांत खेळून, रहीम अलीच्या नव्वदाव्या मिनिटातल्या गोलवर. त्यामुळं गोव्यात आशा होती. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं असा काही गोल मारला की आमच्या कॅमेऱ्यात पुढची दोन मिनिटं नुसतं आकाशच आहे. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उइ-यंगनं बरोबरी केली, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा मारला. १-२. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद.

माझं मत विचाराल तर इथं खालिद चुकले. खालच्या संघाला वाचवण्याची सवय मोठी असते. आघाडी मिळाली की ती राखायचीच, असं अंगात भिनतं. मुंबई एफसीला ते पुरलं. घरच्या मैदानावर जिंकायलाच हवं असलेल्या सामन्यात ते पुरत नाही. १८ नोव्हेंबरला ढाक्यात तर बांगलादेशनं ०-१ असं हरवलं. त्यांच्याकडून आपण याआधी हरलो होतो ते २००३ मध्ये.

पण दुसरी बाजूही बघा. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा घोळ मिटला नाही म्हणून २०२५ चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. म्हणजे उसने आणलेले पैलवान महिनोन्‌महिने त्यांच्या स्वतःच्या तालमीतही उतरले नव्हते. अंगात माती नाही, आणि चढवलं थेट मैदानात.

(दृश्य : चहाचा गाडा. सर कपबशी हातात घेऊन.)

आता पुढं काय? खालिद यांचा करार दोन वर्षांचा, तिसरं वर्ष वाढवण्याची सोय ठेवलेली. पण आपल्याकडं कराराची मुदत आणि कोचची मुदत या वेगळ्या गोष्टी असतात. स्टिमाच यांचा करार २०२६ पर्यंत होता. जून २०२४ मध्ये काढलं आणि नुकसानभरपाई म्हणून चार लाख डॉलर मोजायची पाळी आली. त्यांच्याच काळात भारत क्रमवारीत ९९ वा झाला होता. वर्षभरात ते हिरोचे झिरो झाले. खालिद यांना काढणं त्या मानानं स्वस्त पडेल. मला धास्ती आहे ती याचीच. परदेशी कोच अपयशी ठरला तर दुसरा परदेशी आणतात. भारतीय अपयशी ठरला तर 'बघा, आपल्या लोकांना जमत नाही' म्हणतात, आणि पुढची तेरा वर्षं जातात. आयएसएलमध्ये भारतीय माणूस बहुधा सहायकाच्या खुर्चीवरच दिसतो. ऐझॉलच्या विजेतेपदानंतरही खालिद यांना सहायक म्हणून बसावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट आहे. बेंगळुरूकडून खेळणारा रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि खालिद यांनी त्याला लगेच शिबिराला बोलावलं. कागदपत्रं वेळेत आली नाहीत म्हणून ढाक्यात खेळवता आलं नाही. पण नवीन डाव शोधायची तयारी दिसते.

सरांना विचारलं, ठेवावं का त्यांना? सरांनी बशीतला चहा संपवला. "आमच्या गावात तालीम बांधली तेव्हा पहिली चार वर्षं एक कुस्ती मारली नव्हती पोरांनी. वस्तादाला कुणी काढलं नाही. दुसरा मिळतोय कुठं?"

आणि मग म्हणाले, "काढलंच तर सांगा त्यांना, मिरजेला या म्हणावं. जाळी तेवढी स्वतः आणा."

(दृश्य : पुन्हा मैदान. सकाळ.)

मडगावहून आल्यापासून चौदा वर्षांच्या एका पोरानं लांब थ्रोचा ध्यास घेतलाय. सराव संपला, बाकीची पोरं सायकली काढताहेत. हा अजून कडेला उभा आहे. दोन पावलं मागं, पाठीची कमान, आणि बॉल हवेत. सर बॉल पडल्या जागेपर्यंत पावलं मोजत जातात.

"एकोणीस," ते ओरडतात. "कालच्यापेक्षा दोन जास्त. रेषेवरचा पाय उचलला होतास पण. परत टाक."