लॅसेन: खाली वाफ, वर बर्फ

(दृश्य: बर्फाच्या दोन उंच भिंतींमधून वळत जाणारा डांबरी रस्ता. वर निळंशार आकाश.)

हे दृश्य डिसेंबरमधलं वाटेल. पण आहे जूनमधलं.

उत्तर कॅलिफोर्नियात, कॅस्केड पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाला लॅसेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क आहे. पार्कच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडणारा हा रस्ता साधारण ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरचा. त्याचा माथा ८,५१२ फुटांवर. हिवाळ्यात इथे बर्फ नुसता पडत नाही, थरावर थर साठत जातो. लेक हेलन या तळ्याच्या आसपास काही वर्षी तो दुमजली घर सहज गाडलं जाईल इतका होतो. वसंतात यंत्रं दोन्ही बाजूंनी रस्ता कोरत वर चढतात. रस्ता पूर्ण मोकळा होतो तो कधी मेच्या शेवटी, तर कधी थेट जुलैमध्ये. यंदा कधी, हे एप्रिलमध्ये कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून लॅसेनचं नियोजन सुट्ट्यांची यादी समोर ठेवून करू नका. मेअखेरीला मेमोरियल डेची सुट्टी जोडून येते, खाली सॅक्रामेंटोत ऊन तापलेलं असतं, आणि वर गेल्यावर समोर येतं ते बंद फाटक. तिथून मागे वळण्याशिवाय मार्ग नसतो, कारण पलीकडच्या दाराशी जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा घालावा लागतो.

आमचा सल्ला सरळ आहे: जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर. त्यातही मजुरांच्या सुट्टीनंतरचा, म्हणजे लेबर डेनंतरचा सप्टेंबर उत्तम. गर्दी ओसरते, डास कमी होतात, आणि वाटांवरचा बर्फ गेलेला असतो. धोका एकच, वणव्यांच्या धुराचा. निघण्याआधी हवेचा अंदाज पाहताना पावसाबरोबर धूरही पाहायचा.

(दृश्य: रस्त्याच्या कडेला उकळणारा करडा चिखल. गाडीच्या काचेवर वाफ.)

नैऋत्येच्या दारातून आत आलात की जेमतेम मैलभरावर सल्फर वर्क्स. वास आधी येतो, जागा नंतर दिसते. कुजक्या अंड्यांचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. रस्त्याला अगदी खेटून एक कुंड आहे, आणि त्यात चुलीवरचं पिठलं रटरटावं तसा करडा चिखल रटरटत असतो. एकेकाळी इथून गंधक काढलं जायचं, त्यावरूनच हे नाव.

इथे उभं राहून आजूबाजूच्या कड्यांकडे एकदा नीट बघा. ब्रोकऑफ माउंटन आणि शेजारची शिखरं हे एका जुन्या, प्रचंड ज्वालामुखीचे उरलेले तुकडे आहेत. त्याला माउंट तेहामा किंवा ब्रोकऑफ ज्वालामुखी म्हणतात. त्याचा मधला भाग हिमनद्यांनी खरवडून नेला. त्यांचं काम सोपं केलं ते याच वाफेने. आम्लयुक्त वाफ आणि पाणी कठीण खडकाला आतून कुजवतं, त्याची माती करतं. आज पायाशी जे उकळतंय, तेच लाखो वर्षं चाललं की डोंगर पोकळ होतो.

हे पाणी येतं कुठून? वरून. पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांमधून खोल मुरतो. खाली अजून न निवलेल्या शिलारसाची धग आहे. पाणी तापतं, वाफ होऊन वर चढतं. वर येताना थंड पाणी भेटलं तर उकळतं कुंड होतं, पाणी कमी आणि माती जास्त असली तर चिखलाचं, आणि पाणीच नसलं तर नुसतं फुसफुसणारं वाफेचं भोक. त्यामुळे एकच जागा ऋतूप्रमाणे रूप बदलते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कुंडं पाण्याने भरलेली असतात. सप्टेंबरपर्यंत चिखल दाट होतो आणि वाफेचा जोर वाढतो. जूनमधली आणि सप्टेंबरमधली छायाचित्रं शेजारी ठेवली, तर एकाच जागेची आहेत हे पटायला वेळ लागतो.

(दृश्य: उघड्याबोडक्या पांढऱ्या-पिवळ्या खोऱ्यावर फळ्यांची वाट. माणसं ठिपक्यांएवढी.)

सहलीचा सर्वांत चांगला वेळ बम्पस हेलसाठी राखून ठेवा. जाऊन-येऊन सुमारे तीन मैल. चढ फारसा नाही, पण उंची आठ हजार फुटांच्या वर, त्यामुळे समुद्रसपाटीवरून कालच आलेल्या माणसाला धाप लागते. एका वळणावर झाडी संपते आणि खाली १६ एकरांचं खोरं उघडं पडतं: पांढरट माती, पिवळं गंधक, निळसर कुंडं आणि सगळीकडून निघणारी वाफ. इथलं सर्वांत मोठं वाफेचं मुख म्हणजे बिग बॉयलर. त्याच्या वाफेचं तापमान १६१ अंश सेल्सिअसपर्यंत मोजलं गेलंय, आणि या प्रकारच्या मुखांमध्ये ते जगातल्या सर्वांत उष्ण मुखांपैकी एक आहे. या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळतं, हे लक्षात घेतलं म्हणजे १६१चा अर्थ कळतो.

सकाळी लवकर जा. कारणं दोन. वाहनतळ लहान आहे, आणि गार हवेत वाफ जास्त दाट दिसते. भर दुपारी तीच वाफ अर्ध्यावर विरून जाते आणि लोक म्हणतात, एवढंच?

आता बम्पस कोण, ते सांगायला हवं. केंडल व्हॅनहूक बम्पस हा १८६०च्या दशकातला माणूस. हे खोरं त्याला सापडलं आणि ते लोकांना दाखवून पैसे मिळवावेत असं त्याच्या मनात आलं. वरून टणक दिसणारा पापुद्रा त्याच्या पायाखाली फुटला आणि पाय भाजला. १८६५ मध्ये रेड ब्लफच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाला जागा दाखवायला तो परत आला. पायाखालची जमीन कशी फसवी आहे, याची त्याने सोबत्यांना ताकीद दिली, असं सांगतात. आणि त्याचाच पाय पुन्हा आत गेला. या खेपेला पाय कापावा लागला.

फळ्यांच्या वाटेवर जागोजागी लावलेल्या पाट्यांमागे हा इतिहास आहे. वाट सोडून दोन पावलं बाजूला गेल्यामुळे भाजलेले लोक अलीकडच्या काळातही आहेत. पापुद्रा किती जाड, हे वरून ओळखता येत नाही, रेंजरलाही नाही. लहान मुलं बरोबर असतील तर खोऱ्यात उतरल्यापासून वर येईपर्यंत हात सोडायचा नाही. फोटो काढणाऱ्याने वेगळं थांबावं, मुलं सांभाळणाऱ्याने वेगळं. एकाच माणसाने दोन्ही करू नये.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शिखरावरून उसळणारा राखेचा लोट.)

बम्पस हेलहून रस्त्यावर आलात की समोर उभं असतं ते लॅसेन शिखर, १०,४५७ फूट. घट्ट लाव्हा दूर वाहत न जाता तोंडाशीच साचून थिजला, की असा घुमट तयार होतो. या जातीच्या ज्वालामुखींमध्ये लॅसेनचा घुमट जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे.

३० मे १९१४ रोजी तो जागा झाला. सुरुवातीला वाफेचे स्फोट, एकामागून एक. जवळच राहणारे बी. एफ. लूमिस यांनी त्या जूनमध्ये उद्रेकाची छायाचित्रं टिपली. तेव्हाचा अवजड कॅमेरा, फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा, आणि समोरून येणारा राखेचा ढग! मे १९१५ मध्ये मात्र खेळ बदलला. १९ तारखेच्या रात्री तप्त लाव्हाचे तुकडे बर्फावर कोसळले, बर्फ क्षणात वितळला आणि चिखलाचा लोंढा खालच्या हॅट क्रीकच्या खोऱ्यात घुसला. २२ मे रोजी सर्वांत मोठा स्फोट झाला. राखेचा स्तंभ ३० हजार फुटांवर गेला, आणि बारीक राख नेवाडातल्या विनेमुक्का गावापर्यंत पडली. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९१६ रोजी, हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

ज्या पट्ट्यातून लोंढा गेला त्याला डिव्हास्टेटेड एरिया म्हणतात. छोटी, सपाट वाट आहे. चालताना त्रास होणाऱ्यांनाही जमेल. पुढे रस्त्याकडेला हॉट रॉक नावाची एक भलीमोठी शिळा आहे. डोंगरमाथ्यावरून लोंढ्याबरोबर वाहत आली आणि कित्येक तास धगधगत होती म्हणून हे नाव. लूमिस यांनी बांधलेलं संग्रहालय उत्तरेच्या बाजूला मॅन्झनिटा लेकजवळ आहे. त्यांची छायाचित्रं पाहून मग शिखराकडे बघावं, असं आम्हाला वाटतं. म्हणून जमल्यास उत्तरेकडून आत या, जरी बहुतेक प्रवासी दक्षिणेकडून येत असले तरी.

शिखरावर चढायचंय? वाट जायला अडीच मैल, यायला अडीच, चढ सुमारे दोन हजार फूट. वाहनतळच साडेआठ हजार फुटांवर असल्यामुळे पहिल्याच दिवशी हा घाट घालू नका. वर झाड नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी ढग जमून विजा पडतात, तेव्हा दुपारच्या आत खाली आलेलं बरं. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला माउंट शास्ता दिसतो.

(दृश्य: जळालेल्या झाडांचे काळे खांब, मधून उगवलेली हिरवळ.)

हेही तुम्हाला दिसणार आहे. २०२१ च्या डिक्सी वणव्याने पार्कचा जवळपास दोन तृतीयांश भाग व्यापला. माउंट हार्कनेसवरची जुनी वणवा-टेहळणीची चौकी त्यात गेली. मुख्य रस्त्याच्या पश्चिम बाजूला याच्या खुणा कमी आहेत, पूर्वेकडे पुष्कळ. काहींना ही काळी झाडं बघून वाईट वाटतं. पण मोकळ्या उतारांवर आता जी रानफुलं येतात, ती दाट जंगलात आली नसती.

आता व्यवहाराचं. उन्हाळ्यात एका मोटारीला ३० डॉलर, सात दिवसांसाठी. मुख्य रस्त्यावर हॉटेल नाही. मॅन्झनिटा लेकला तंबूच्या जागा आणि लाकडी केबिन आहेत. तंबूच्या जागांचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर होतं आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात. पेट्रोलची टाकी रेडिंग, रेड ब्लफ किंवा चेस्टरला भरून घ्या. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. दूरच्या रानात मुक्कामी जाणाऱ्यांना परवाना लागतो, आणि खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावं लागतं. रात्री थंडी असते, ऑगस्टमध्येसुद्धा.

एका दिवसात एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, असं बरेच जण करतात. तेवढंच जमत असेल तर करा, पण त्यात पार्कचा अर्धा भाग राहून जातो. वॉर्नर व्हॅली मुख्य रस्त्याला जोडलेलीच नाही. तिथे चेस्टरहून वेगळ्या रस्त्याने जावं लागतं, आणि शेवटचे काही मैल कच्चे आहेत. तिथलं बॉइलिंग स्प्रिंग्ज लेक हे मोठं, कोमट-गरम, दुधाळ हिरवं तळं. त्यात पोहण्याचा विचारही नको, काठची माती बम्पस हेलइतकीच फसवी आहे. वणव्यानंतर इकडच्या वाटा कधी उघड्या, कधी बंद असतात. चेस्टरला पोचण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

(दृश्य: काळ्याभोर राखेचा शंकू. उतारावर तिरकी वाट, त्यावर तीन माणसं.)

आणि ईशान्येला बट लेकजवळचा सिंडर कोन. सतराव्या शतकात, १६६६ च्या सुमारास फुटलेला. सातशे फूट उंचीचा सैल खडीचा ढीग, शेजारी लाव्हाचं काळं मैदान आणि केशरी-करड्या राखेच्या टेकड्या. पायथ्याशी जाणारी वाट म्हणजे सोन्याच्या शोधात आलेल्या स्थलांतरितांचा जुना रस्ता. चढ छोटा पण कडवा: दोन पावलं वर टाकली की एक खाली घसरतं. दुपारी काळी राख तापते, सावली मिळत नाही आणि वर पाणी नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी, घोट्यावर घट्ट बसणारे बूट, आणि चालायला सुरुवात सकाळी आठच्या आत. कड्यावर पोचल्यावर विवराच्या तळाशी उतरणारी पायवाटही आहे. उतरायचं की नाही हे ठरवण्याआधी बाटलीत किती पाणी उरलंय ते बघा, कारण जेवढं उतराल तेवढं त्याच खडीतून पुन्हा चढायचं असतं.