मोजमाप पुस्तिका दाखवा

निवेदन

(पडदाभर: मोजमाप पुस्तिकेचं पान)

हे पान जरा थांबून बघा. कामाचा तपशील, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटच्या रकान्यात परिमाण. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, तिच्याखाली तपासल्याची उपअभियंत्याची. कागदोपत्री ही मोजमाप पुस्तिका. बोलताना सगळे तिला एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक म्हणतात. गल्लीत काँक्रीट किती पडलं, हे उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेलं नसतं. ते या पानावर असतं, आणि ठेकेदाराचं बिल याच आकड्यांवर निघतं.

हे पान बघण्याचा, त्याची प्रत घेण्याचा हक्क गल्लीतल्या प्रत्येक नागरिकाला आहे.

(गल्ली. दोन महिला रस्त्यावर टेप धरताहेत)

पानावर रुंदी 3.5 मीटर. टेप कुठे थांबते ते दिसतंच आहे. जाडी काही टेपने कळत नाही. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकारात कागदांच्या प्रतींबरोबर कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. कागदासारखंच काँक्रीटही मागता येतं.

(जुनी छायाचित्रं: आझाद मैदान)

महाराष्ट्राला हा हक्क दिल्लीच्या आधी मिळाला. राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा 2002 चा, आणि तो प्रत्यक्षात यावा म्हणून 2003 च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले. केंद्राचा कायदा आला 2005 साली आणि 12 ऑक्टोबरपासून लागू झाला. आज आपण अर्ज करतो तो याच कायद्याखाली.

(पुणे महापालिका भवन, बाहेरून, मग जिना, कपाटं, लाल फितीतल्या फायली)

अर्जाच्याही आधी एक पायरी आहे, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची तीच. पुणे महापालिकेत 2009 पासून एक पद्धत सुरू झाली. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात कुणीही नागरिक विभागात यावं आणि फाईल उघडून बघावी. अर्ज नको, तीस दिवसांची वाट नको. नऊ वर्षांनी राज्य सरकारने हीच पद्धत उचलली. सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर 2018 मध्ये शासन निर्णय काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना सोमवारी 3 ते 5 अभिलेख खुले ठेवायला सांगितलं.

फाईल समोर असली की आपण नेमकं काय मागायचं ते कळतं. टिपणीच्या पानावर कोणी काय शेरा मारलाय, कार्यादेशाचा, म्हणजे वर्क ऑर्डरचा, क्रमांक काय, एमबीचा क्रमांक काय, हे वहीत उतरवून घ्यायचं. मग अर्ज आपोआप नेमका होतो. दारात उभं राहून “साहेब मीटिंगला गेलेत” ऐकावं लागलं, तरी शासन निर्णयाची प्रत हातात असली की संभाषण बदलतं.

(टेबल. कोरा कागद, पेन. ताई लिहिताहेत)

आता अर्ज. नमुन्याला नाव आहे जोडपत्र अ. वर जन माहिती अधिकारी, मग विभागाचं नाव: पथ विभाग, मलनिस्सारण, बांधकाम परवानगी किंवा आपलं क्षेत्रीय कार्यालय. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर 150 शब्दांच्या आत.

बहुतेक अर्ज इथेच फसतात. “आमचा रस्ता वर्षात का उखडला? याला जबाबदार कोण?” राग रास्त आहे, पण अधिकारी उत्तर देतो, “ही बाब माहिती या व्याख्येत बसत नाही.” कायद्याने मिळते ती कार्यालयाच्या दप्तरी असलेली माहिती. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागायचं. या ताईंचा अर्ज ऐका:

“अमुक गल्लीचे काँक्रिटीकरण, कालावधी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेली निविदेतील अट यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.”

पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी काढलेला अंदाज. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत. या अर्जाला टाळता येत नाही. कागद आहेत म्हणा किंवा नाहीत म्हणून लेखी द्या. बिल अदा झालंय आणि एमबी सापडत नाही, असं लेखी आलं तर तीही मोठी माहिती झाली.

माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. कलम 6 मध्ये ते स्पष्ट आहे. काउंटरवर कोणी विचारलंच तर शांतपणे कलम दाखवायचं.

(जवळून: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवला जातोय. मग आवक-जावक टेबलावरचा शिक्का)

शुल्क 10 रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. रोखही भरता येतात, पावती घ्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की तेही लागत नाहीत. दुसरी प्रत पुढे करून तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच जपून ठेवा, कारण उत्तराचे 30 दिवस इथून मोजायचे. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत 48 तासांची. आणि समजा रस्ता महापालिकेचा नसून सार्वजनिक बांधकाम खात्याचा निघाला, तर अर्ज परत करता येत नाही. पाच दिवसांत तिकडे वर्ग करावा लागतो.

काही दिवसांनी पत्र येतं: एकूण पानं इतकी, पानाला 2 रुपये, रक्कम भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरलेले बरे. मुदत उलटून गेली असेल तर माहिती फुकट द्यावी लागते.

(कार्यालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं)

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही भागलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. आयोगाची तारीख लागायला मात्र फार काळ जातो. आणि या वाटेवर धोकाही असतो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनीचे व्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. म्हणून शक्य तिथे अर्ज एकट्याच्या नावावर ठेवू नका. एकाच गल्लीतल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज केले तर कायद्याची काहीच आडकाठी नाही.

(ताई, शेजारणी, हातात प्रतींचा गठ्ठा)

या गल्लीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी अजून संपलेला नाही. तोपर्यंतची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. एमबीची पानं आणि टेपची मापं जोडून ताईंनी उपअभियंत्यांना पत्र दिलंय.

पुढच्या सोमवारी त्या मलनिस्सारण विभागात जाणार आहेत. गल्लीतल्या ड्रेनेज लाईनचा कार्यादेश बघायचाय.