ख्रिस्ती मुलींना देशभक्ती कशी शिकवावी?

जय ख्रिस्त आणि नमस्कार. प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन जवळ आला की आपल्या मंडळ्यांमधील युवती संघांत तयारी सुरू होते. तिरंगी ओढण्या, एखादे समूहगीत, पाळकसाहेबांचे छोटे भाषण आणि शेवटी देशासाठी प्रार्थना असा कार्यक्रम ठरतो. हे सारे चांगले आहे आणि ते चालू राहावे. मात्र रविवारी उपासनेनंतर या मुलींना घेऊन बसणाऱ्या ताईंशी मला आज त्यापुढचे बोलायचे आहे: विश्वासातून उगवणारे देशप्रेम मुलींना शिकवायचे कसे?

माझे मत सुरुवातीलाच सांगते. आपल्या मुलींना शाळेत कधी ना कधी "तुमचा धर्म तर बाहेरचा" असे ऐकावे लागते. त्या बोलण्याला उत्तर म्हणून आपण देशभक्ती शिकवू लागतो, तेव्हा तिला निष्ठेच्या पुराव्याचे रूप येते. पुराव्यासाठी शिकलेले प्रेम समोरचा माणूस गप्प झाला की ओसरते. मुलीने देशावर प्रेम करावे, कारण ही माती, ही भाषा आणि हे शेजारी देवाने तिला दिले आहेत आणि त्यांच्याविषयी तो तिला जाब विचारणार आहे.

पवित्र शास्त्रातून शिकवताना बहुतेक ताई यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाकडे वळतात. बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना संदेष्टा पत्राने कळवतो की घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. उतारा योग्यच आहे, पण तो वाचताना एक काळजी घ्यावी, कारण मुली सहज असा अर्थ काढतात की आपणही इथे परक्या मुलखात राहतो. त्यांना स्पष्ट सांगावे की परक्या नगराचेही हित पाहण्याची आज्ञा असेल, तर स्वतःच्या जन्मभूमीचे हित पाहण्याची जबाबदारी कितीतरी मोठी आहे. त्याच्या जोडीला लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील प्रसंग वाचावा. यरुशलेम दृष्टीस पडताच येशू त्या नगरासाठी रडतो आणि लगेच मंदिरात जाऊन तिथला बाजार उठवतो. अश्रू आणि खडसावणे ही दोन्ही एकाच प्रेमाची कामे आहेत, हे मुलींना या प्रसंगातून फार चांगले कळते.

[पडद्यावर: पंडिता रमाबाई यांचे छायाचित्र, १८५८–१९२२]

उदाहरण मात्र आपल्या मातीतलेच द्यावे, आणि माझ्या मते पंडिता रमाबाईंहून चांगले उदाहरण नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला त्या उपस्थित राहिल्या. पुढे दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला, हे आपण नेहमी सांगतो. १८९७ ची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. पुण्यात प्लेग पसरला होता, आणि सरकारी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून कडक टीका केली. सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले. तरी ध्यानात घ्या, राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, आणि ज्यांच्यासाठी त्या बोलत होत्या त्या बायका बहुतांशी त्यांच्या धर्माच्या नव्हत्या.

ही हकीकत सांगून झाल्यावर मुलींना विचारावे, "हे पत्र रमाबाईंनी ख्रिस्ती म्हणून लिहिले की भारतीय म्हणून?" आणि मग ताईने थोडा वेळ काहीच बोलू नये. वर्गात दोन तट पडतात आणि वाद रंगतो, आणि तो रंगू द्यावा, कारण दोन्ही बाजूंची कारणे एकच आहेत हे मुलींच्या आपोआप लक्षात येते.

संविधान सभेचा उल्लेखही करावाच. तिच्यातील पंधरा स्त्रियांमध्ये राजकुमारी अमृत कौर आणि केरळच्या ॲनी मॅस्करीन या दोघी ख्रिस्ती होत्या. दोघींनीही तुरुंगवास भोगला होता, आणि अमृत कौर पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हेही ख्रिस्ती होते, आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते उभे राहिले.

[पडद्यावर: सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट १९८६]

आता अवघड भागाकडे येते, आणि मोठ्या मुलींच्या बाबतीत तो टाळू नये अशी माझी विनंती आहे. १९८५ मध्ये केरळमधील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. त्यांतल्या दोघी मुली होत्या. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निर्णय दिला की आदराने उभे राहणाऱ्या मुलांना गाण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. आपली शिकवण त्या पंथाहून वेगळी आहे आणि आपण राष्ट्रगीत मनापासून गातो. तरीही हा खटला शिकवावा, कारण देशाचा मान राखणे आणि देशाला देवाच्या जागी बसवणे यांतील अंतर त्यामुळे मुलींना समजते, आणि देवाची जागा देवालाच देणाऱ्या नागरिकाला या देशाचे संविधान जवळ करते हेही दिसते.

शेवटचा भाग कामाचा आहे. "देशाला आशीर्वाद दे" एवढीच प्रार्थना मुलींना करू देऊ नये. आपल्या वॉर्डातील आशाताई, पहाटे नाल्यात उतरणारा सफाई कामगार, नगरसेवक, शाळेच्या मुख्याध्यापिका यांची नावे त्यांनी आधी विचारून घ्यावीत आणि त्या नावांनीच प्रार्थना करावी. नावे विचारायला गेले की अडचणीही कळतात. समजा मुलींच्या शाळेतील स्वच्छतागृहाला पाणी नाही असे कळले, तर त्याच मुलींनी मुख्याध्यापिकांना विचारून, संघाच्या वहीत कच्चा मसुदा करून नगरपालिकेला अर्ज लिहावा. ताईने फक्त शुद्धलेखन तपासावे. आवक विभागात अर्ज मुलींनी स्वतः द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नये. महिनाभरात उत्तर आले नाही, तर तीच पोच हातात घेऊन पुन्हा जावे, आणि ती नोंद वहीत त्या आठवड्याच्या प्रार्थनाविषयांच्या शेजारीच करावी.