‘सर, याले जरा समजावा’
(शिक्षकांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित)

केंद्रप्रमुख साहेबांनी विषय दिला ‘शाळेतील समुपदेशनाच्या चार पद्धती’ आणि वेळ दिला पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं सत्कारात गेली. शालीबद्दल आभार. आपल्या यवतमाळच्या उकाड्यात ती फार कामी येते. (हशा)

चारही पद्धती सांगतो, पण आधी एक गाऱ्हाणं. पोराला आमच्याकडे, म्हणजे समुपदेशकांकडे, पाठवतात कसं? ‘सर, याले जरा समजावा.’ म्हणजे निकाल लागलेलाच आहे, मी फक्त वाचून दाखवायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं छडी गेली, मानसिक छळावरही बंदी आली. काही शाळांत छडीची रिकामी खुंटी मला मिळाली!

घाटंजीकडच्या एका शाळेत सहावीतला एक मुलगा महिनाभर गैरहजर. त्याला उभा केला होता मुख्याध्यापकांच्या खोलीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांपाशी. समोर मुख्याध्यापक, बाजूला वर्गशिक्षिका, दारात शाळा समितीचे अध्यक्ष. ‘बोल बाबू, सरले सांग!’ पोरगं अंगठ्यानं फरशी उकरत होतं. तुम्ही बोलले असता का? हजेरीपटावर शेरा होता ‘मोबाइलचं व्यसन’. त्या घरात एकच मोबाइल, बापाजवळ, तोही बटणांचा. (हशा)

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, जवळ आला होता. मी त्याला चिंचेखाली नेलं, ओली माती दिली आणि गप्प बसलो. घरचे म्हणतात, हे मला फक्त पगारावर जमतं. त्यानं कोठा, म्हणजे गोठा केला, दोन बैल केले आणि दोन्ही बैल कोठ्याबाहेर ठेवले. मी एवढंच म्हटलं, ‘बैल वाटेवर आहेत.’ बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ‘बजारात चालले. बाबा म्हणते, पोळा झाला का इकतो.’ कापसाच्या फवारणीला पैसे नव्हते. जोडी दावणीला आहे तोवर पोरगं तिला चारायला नेत होतं. आता याला काय समजावणार? बापाशी, शिक्षिकेशी बोलायचं होतं, ते बोललो.

ही झाली पहिली पद्धत, प्ले थेरपी, म्हणजे खेळातून समुपदेशन. मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलंय, घाई करायची नाही, मूल पुढं, आपण मागं. मातीला अनुदान लागत नाही, हेही लक्षात घ्या.

साहेब घड्याळ दाखवताहेत, तिकडं वांग्याची भाजी तयार आहे. उरलेल्या तीन पळत पळत सांगतो.

मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे पोराची स्वतःबद्दलची गोष्ट नव्यानं मांडणं. अडचण पोरापासून वेगळी काढायची. ‘तू रागीट आहेस’ म्हणायचं नाही. ‘राग तुला काय काय करायला लावतो? कोणत्या वेळी तू त्याचं ऐकलं नाहीस?’ असं विचारायचं.

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची उपायकेंद्री पद्धत. शून्य ते दहात आज कितीवर आहेस? पोरगं ‘तीन’ म्हणालं तर ‘दहा का नाही’ विचारू नका. शून्यावरून तीनवर कसा आलास, ते विचारा.

चौथी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत. घटना, विचार, भावना, कृती. ‘सर ओरडले म्हणजे मी ढ’, या विचाराला पुरावा काय, ते पोरासोबत तपासायचं. लहान असेल तर चित्रं काढून.

आणि एक राहिलंच. ‘कोणाले सांगत नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पोराला ते बोलण्याआधी सांगा. मदतीचे फोन नंबर: मुलांसाठी १०९८, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. फळ्यावर लिहितो, उतरवून घ्या. प्रश्न जेवताना विचारा.