मानेतला पांढरा ठिपका

(दृश्य: सिडकोतलं घर, सकाळ)

खाली शाळेची रिक्षा हॉर्न देतेय आणि सात वर्षांचा हा पठ्ठ्या पलंगाच्या कडेला बसलाय. मान डावीकडे कललेली. आईने हाक मारली की मान नाही, सगळं अंगच वळवतो.

आजीचं निदान तयार: "उशीवरनं लचकली असंल." वाटीत तेल कोमट झालं. तिथपर्यंत ठीक. मग शेजारून सल्ला आला, एक झटका दिला की मोकळी होईल. तो झटका तुम्हाला इथे दिसणार नाही, कारण आईने तो देऊच दिला नाही. नाशिकच्या गल्लीगल्लीत मान मोडून देणारे हात आहेत. लहान मुलाची दुखरी मान त्यांच्या हाती द्यायची नाही.

(दृश्य: उजेडाच्या पेटीवर एक्स-रे)

ही फिल्म बाजूने काढलेली. एकावर एक सात मणके. मधल्या काळ्या फटी म्हणजे गाद्यांची जागा. गादी एक्स-रेत उमटत नाही. आता पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मध्ये थांबा. इथे फट काळी नाही. मधोमध चपटा पांढरा ठिपका, मसुराच्या दाण्यासारखा. गादीच्या आतल्या मऊ गरात कॅल्शियम साचलंय. मोठ्या माणसांतलं असं साचणं जर्मन शरीररचनातज्ज्ञ लुश्का यांनी १८५८ मध्येच नोंदवलं होतं, लहान मुलातली नोंद आली १९२४ मध्ये.

दूध जास्त झालं म्हणून? नाही. रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असतं. दूध बंद करू नका.

पण या दुखण्यात कधी ताप येतो, ईएसआर (शरीरात सूज असल्याचा इशारा देणारी रक्ततपासणी) वाढतो. म्हणून डॉक्टर आधी मणक्याचा क्षय, गादीतला जंतुसंसर्ग, गाठ हे सगळं तपासून बाजूला काढतात. गरज वाटली तर एमआरआय.

उपचार साधे: विश्रांती, दुखणं कमी करणारं औषध, काही दिवस मानेला मऊ पट्टा. बहुतेक मुलांची मान काही आठवड्यांत मोकळी होते, कॅल्शियम विरघळायला महिने लागतात. क्वचित गादी मागे सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. हातापायांतली ताकद कमी झाली किंवा चालताना तोल गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

(दृश्य: गच्ची, संक्रांत)

पट्टा काढून पाच आठवडे झाले. नव्या एक्स-रेत ठिपका अजून आहे, पहिल्यापेक्षा फिकट. पतंग बराच वर गेलाय.