मुंबईतलं गाव, नकाशातला रंग

[दृश्य : मार्वेच्या धक्क्यावरून सुटलेली बोट. माणसं, दुचाक्या, भाजीच्या पाट्या.]

मार्वेहून बोट सुटते, खाडी ओलांडते आणि पलीकडे मनोरी लागतं. तिथून पुढे गोराई. गोराई बृहन्मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहे, आर-मध्य विभागात. पण बोट टाळून गाडीनं जायचं म्हटलं तर भाईंदर आणि उत्तनला वळसा घालून यावं लागतं. इथं ताडाची झाडं आहेत, भाताची खाचरं आहेत आणि समुद्राच्या अंगाला मासळी सुकवायची मोकळी जागा आहे.

ही जागा म्हणजे शेत, वस्ती की नुसती मोकळी जमीन? प्रत्येक खात्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ही उत्तरं एकत्र कुठे लिहिलेली नसतात.

[दृश्य : सातबाऱ्याचा उतारा, जवळून.]

आधी महसूल खातं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, ते असतं. बारामध्ये पीक: भात, गवत, नाहीतर पड. लागवडीला न येणारा तुकडा पोटखराब्यात जातो.

या खात्याचा कायदा म्हणजे 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. शेतावरच्या इमारतीची तिची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायची जागा, गुरांचा गोठा, शेतकऱ्याच्या कुटुंबाचं आणि गड्यांचं राहतं घर, हे सगळं तिच्यात शेतीचाच भाग म्हणून बसतं. मात्र मुंबई उपनगर जिल्ह्यात असं बांधकाम करण्याआधीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. गावठाणात कोणत्या जमिनी येतात, ते ठरवायचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांचाच, कलम 122 खाली.

त्याच 1966 साली दुसरा कायदा आला, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. जमिनीवर आज काय चाललंय यापेक्षा उद्या काय चालेल, याची काळजी या कायद्याला जास्त. त्याच्या लेखी नवं बांधकाम हा जसा ‘विकास’, तसाच जमिनीच्या वापरात केलेला ठळक बदलही. कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा विकास आराखडा करायचं जाहीर झालं की दोन्हींना परवानगी लागते. शेतीला थोडी मोकळीक आहे. शेतीच्या रोजच्या कामात विहीर खणायला किंवा फक्त शेतात जायचा रस्ता करायला ही परवानगी लागत नाही.

[दृश्य : मुंबई महानगर प्रदेशाचा नकाशा, हिरवे पट्टे.]

वसई, पनवेल, अलिबागच्या बाजूला प्रादेशिक योजना, म्हणजे सगळ्या महानगर प्रदेशाचा मिळून केलेला जमीनवापराचा आराखडा, लागू होते. 1999 साली मंजूर झालेल्या योजनेत नागरीकरणाचे दोन विभाग होते, हरित विभागही दोन, शिवाय उद्योग, वनं आणि किनाऱ्यालगतची पाणथळ. हरित विभाग एक आणि हरित विभाग दोन यांचे नियम सारखे नाहीत. म्हणून ‘जमीन ग्रीन झोनमध्ये आहे’ एवढ्यावर व्यवहार करणाऱ्यानं ‘एक की दोन’ हा आकडा विचारलाच पाहिजे.

मुंबईत मात्र महापालिकेचा विकास आराखडा चालतो. 1991 च्या नियमावलीत अशा जमिनींना ‘ना-विकास क्षेत्र’ म्हणत. लोकांच्या तोंडी एनडीझेड. नाव असं असलं तरी तिथं काहीच चालत नव्हतं असं नाही. शेती, बागा, वनीकरण, मिठागरं, क्रीडांगणं, अगदी गोल्फसुद्धा चालत होतं. 2018 साली मंजूर झालेल्या, 2034 पर्यंतच्या आराखड्यानं हे नाव काढलं. निसर्गाच्या दृष्टीनं नाजूक जागा ‘नैसर्गिक क्षेत्र’ झाल्या आणि इतर बऱ्याच जमिनी ‘विशेष विकास क्षेत्रा’त गेल्या. तिथं परवडणाऱ्या घरांना वाट मिळाली. शहराला घरं हवीतच. पण खाचरात उभ्या असलेल्या माणसासाठी या बदलाचा अर्थ फार मोठा आहे, आणि तो त्याच्या बोलीत त्याला समजावून सांगायला हवा होता, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य : वरळी कोळीवाडा. होड्या, मागे सागरी सेतू.]

तिसरा कागद किनाऱ्याचा, सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा. केंद्र सरकारच्या 2011 च्या अधिसूचनेत सीआरझेड-तीन हा मुख्यतः ग्रामीण किनाऱ्याचा वर्ग. शहराच्या हद्दीत असूनही फारशी बांधकामं न झालेला किनाराही त्यातच. मुंबईसाठी तिच्यात खास तरतूद होती: 1981 च्या आराखड्यात किंवा शासनाच्या नोंदींत असलेले कोळीवाडे सीआरझेड-तीन म्हणून नकाशावर दाखवायचे. म्हणजे टॉवरांच्या गराड्यातल्या कोळीवाड्यालाही गावाचा वर्ग.

याच अधिसूचनेत कोळ्यांच्या कामांची नावं घेतली आहेत. मासळी सुकवायची आवारं, लिलावाची जागा, जाळी दुरुस्त करायची जागा, पारंपरिक होड्या बांधायची जागा, बर्फाचा कारखाना. कायद्यात ही नावं येणं मोलाचं आहे. बांबूवर बोंबील टांगलेली जागा पावसात रिकामी होते. तेव्हा मोजणीला आलेल्या माणसाला तिथं फक्त मोकळा भूखंड दिसतो.

2019 ची अधिसूचना लोकवस्तीची घनता बघते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त माणसं असतील, तर तो ग्रामीण किनारा तीन-अ. तिथं भरतीरेषेपासून ना-विकास पट्टा 50 मीटरचा. विरळ वस्तीच्या तीन-ब मध्ये तो 200 मीटर. ग्रामीण म्हटल्यावर सगळीकडे एकच नियम लागत नाही, तो असा.

[दृश्य : पडवीत बसून जाळं विणणारे हात.]

गावठाणं आणि कोळीवाड्यांच्या सीमा ठरवायचा प्रश्न अनेक वर्षं रेंगाळत आला आहे. सीमेत फक्त घरं धरली, तर वाळवणाची जागा आणि होड्या ओढायचा किनारा बाहेर राहतो. बाहेर राहिलं की तिथला वापर ठरवताना कोळ्यांचं काम हिशेबात येत नाही.

मोजणीच्या वेळी या जागा दाखवायला गावातली जाणती माणसं, विशेषतः मासळी सुकवणाऱ्या बायका, हजर असायला हव्यात. आराखड्याचा मसुदा निघाला की कलम 26 खाली हरकती आणि सूचना मागवतात, त्यात हे लेखी देता येतं. त्याआधी महापालिकेकडून आपल्या भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तो कशासाठी दाखवलाय ते सांगणारा कागद, काढावा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक घ्यावं, सीआरझेडचा नकाशा घ्यावा आणि तिन्ही कागद एका टेबलावर मांडून बघावेत. जिथं ते एकमेकांशी जुळत नाहीत, तीच जागा हरकतीत पहिली लिहावी.