कोलासुराच्या तलावावरची सकाळ

(दृश्य: धुकं. पाणी दिसत नाही, फक्त आवाज.)

डिसेंबरातली पहाट. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांध तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, इतकं दव पडलंय, की चपलेतही पाय भिजतात. धुक्यापलीकडून अडई बदकांच्या शिट्ट्या येतायत.

धुकं सात बहिणींच्या डोंगरांकडे सरकतं आणि आधी दिसतात ते वारकरी. पंढरीचे नव्हेत, पाणपक्षी. काळं अंग, कपाळी पांढरा टिळा. त्यांच्या पलीकडे तलवार बदकं. शेपूट आभाळाकडे, डोकं पाण्यात. बुडी मारून खाणं हे त्यांचं काम नव्हे. मान पोचेल तेवढ्याच पाण्यात त्यांचं पोट भरतं. म्हणून तलाव केवढा, यापेक्षा काठ किती उथळ, ते बघायचं.

आणि हा काठ माणसाच्या हातचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी इथे पाळ घातली, ती धानासाठी. लोकांनी त्यांना देव मानलं: कोलासुर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. १९५० नंतर मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नाव पडलं 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. मला हे नाव फार आवडतं.

पावसाळ्यात तुडुंब भरलेला तलाव धानाला पाणी देत देत उतरतो. चिखल उघडा पडतो, की तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी हजर.

(दृश्य: आभाळात रांग.)

थांबा, वर बघा. पट्टकादंब, रानहंसच! डोक्यामागे दोन काळे पट्टे. रात्रभर शेतात चरून ते आता विसाव्याला पाण्यावर उतरतायत. यांचं घर तिबेट, मंगोलियाकडे. हिमालय ओलांडताना ते ७,००० मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे. एवढं अंतर कापून यायचं आणि धानाच्या तलावावर उतरायचं!

पण सगळ्याच तलावांचं नशीब असं नाही. कुठे गाळ साचलाय, कुठे बेशरम या तणानं काठ गिळलाय. याच जिल्ह्यात काही गावांतल्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायांनी गुडघाभर चिखलात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासळी वाढावी म्हणून. पण त्याच वनस्पतींत कमळपक्षी घरटं करतो, त्यांच्याच बियांवर बदकं जगतात.

(दृश्य: ऊन. पाण्यावर एक डोंगा.)

ऊन चढलं. तलवार बदकं पंखात चोच खुपसून झोपलीत. एक ढिवरदादा डोंग्यातून जाळं ओढतोय. वारकरी उडत नाहीत. थोडे बाजूला होतात, डोंगा पुढे गेला की पुन्हा जागेवर येतात.